बिबट्याची लस आणि आपला रिपोर्ट

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे इतके वाढले, की २०२५ मध्ये केंद्राने तिथल्या माद्यांवर प्रायोगिक गर्भनियंत्रणाला परवानगी दिली. ऑफिसात यावर भरपूर पाचकळ विनोद झाले. मी मात्र सायन्समध्ये अडकलो.

गर्भनिरोधक लशींचा एक प्रकार भन्नाट आहे. मादीच्या अँटिबॉडीज स्त्रीबीजाच्या कवचालाच चिकटतात. शुक्राणू दारापर्यंत येतो, पण त्याला पकडच मिळत नाही. खेळ खल्लास!

माणसातही सगळा मामला याच दाराशी. शुक्राणूच्या डोक्यावर ॲक्रोसोम नावाची टोपी असते. तिच्यातली एन्झाइम्स कवच ओलांडायला मदत करतात. मध्ये मायटोकॉन्ड्रियाचं पॉवरहाउस, मागे शेपटी. बीजाला भिडायला लागणारं प्रोटीन जपान्यांनी २००५ मध्ये शोधलं आणि लग्न जुळवणाऱ्या देवस्थानावरून त्याचं नाव ठेवलं इझुमो!

टोपीच नसेल, तर कोट्यवधी शुक्राणू असूनही पाळणा हलत नाही. मग एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. ही 'इक्सी' १९९२ पासून आहे.

आणि आपल्याकडे? सोनोग्राफ्या तिच्या, उपास तिचे, टोमणेही तिलाच. जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाचाही वाटा असतो, तरी साहेब वीर्यतपासणीला जात नाहीत. का, तर मर्दानगी! अरे, टोपीचा न् मर्दानगीचा काय संबंध?

तेव्हा बॉस, पहिली टेस्ट तुझी. चार टक्के शुक्राणू जरी नीट आकाराचे निघाले, तरी ते नॉर्मलच धरतात. रिपोर्टला घाबरू नकोस. तिला एकटीला लाइनीत उभं करू नकोस, बस्स.