सोसणे कोणाचे, पुण्य कोणाचे?

मरण अधिक वाईट की वेदना, हा प्रश्न आता आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या धर्मग्रामांत आजाऱ्याच्या खाटेपाशीच निघतो. तरुण म्हणतात, असे तडफडण्यापेक्षा सुटका केलेली बरी. वडीलधारे म्हणतात, प्रभूने दिलेला क्रूस सोसलाच पाहिजे. माझे भांडण दोघांशीही आहे. वडीलधाऱ्यांशी अधिक, कारण ते धर्माचे नाव घेऊन बोलतात.

तरुणांना एवढेच सांगतो. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली हल्ल्यात जायबंदी झाल्या आणि २०१५ साली वारल्या. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नाकारली. त्यांना रोज भरविणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या परिचारिकांनी ती मागणी केली नव्हती. त्या सेवा करण्यास राजी होत्या.

वडीलधाऱ्यांची गोष्ट निराळी. परळच्या टाटा रुग्णालयात लोकलने खेटे घालून आणलेले मॉर्फीन घरी कपाटात पडून राहते. सवय लागेल म्हणे! अखेरच्या आठवड्यांत सवयीची भीती कसली? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषध दुर्मिळ केले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली. कायदा नमला, आपण नमत नाही. पोप बारावे पायस यांनी तर १९५७ सालीच निर्वाळा दिला होता की अन्य उपाय नसेल तर वेदनाशामक औषध देता येते, मग त्याने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव का असेना; हेतू मात्र मारण्याचा नसावा.

प्रभूने क्रूसावर खिळले जाण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हा दाखला मला हटकून ऐकवतात. तो त्याने स्वतःसाठी नाकारला. कोणा कुष्ठरोग्याला तो 'सोसत राहा' म्हणाल्याचे शुभवर्तमानात दाखवा. स्वतःची वेदना कोणी आपखुशीने अर्पण करीत असेल, तर मी त्याला हात जोडतो. पण कपाटाची किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवून दुसऱ्याची वेदना अर्पण करता येत नाही. मरण आपण आणू नये. ते यायचे तेव्हा येते. औषध हाताशी असता सोसू दिलेली वेदना मात्र आपली करणी आहे, देवाची नव्हे.

वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची शुश्रूषा करीत आहे. नावच पाहा, अवेदना! रुग्णाभ्यंगासाठी मला बोलवाल, तेव्हा तेलाची कुपी उघडण्याआधी मी औषधाचे विचारीन. कोणी राग मानू नये.