आधी बघा, मग ओता

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणाशी, तर तुमच्याशीच! माझ्या भाच्या-पुतण्यांशी, जावेशी, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःशी.

विषय साधा आहे. कुंडीतल्या टोमॅटोची पानं पिवळी पडली तर काय करावं? उत्तर आपल्या घराण्यात प्रत्येकाला पाठ आहे. एप्सम सॉल्ट घाल. ताक घाल. अंड्याची टरफलं घाल. चहाचा चोथा घाल. एकोणीस-एकोणीस-एकोणीस घाल. क्रियापद सगळ्यांचं एकच, कर्म तेवढं निराळं. 'बघ' म्हणणारं मात्र एकही माणूस निघालं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर जन्मभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं सांगत आले!

झालं ते असं. अक्का गेली तेव्हा तिच्या फडताळात बियांची एक पुडी सापडली. तिच्या परसातले ते चपटे, खाचांचे, आंबट टोमॅटो तुम्ही सगळ्यांनी खाल्ले आहेत. दरवर्षी एक चांगलं पिकलेलं फळ निवडून ती त्याचं बी वाळवून ठेवायची. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळ धरतं, म्हणून गावठी वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देतं. संकरित वाणाचं तसं नसतं. ती पुडी शेवटची. मागच्या जूनमध्ये मी ती पेरली. सहा रोपं आली, सहा कुंड्यांत लावली.

खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली मी प्लॅस्टिकची ताटली ठेवली. हा माझा शेजारधर्म! श्रावणात खालची पानं पिवळी पडू लागली. मी फोटो काढून तुम्हाला पाठवला आणि पाच मिनिटांत सात उपाय आले. मी आज्ञाधारकपणे सगळे केले. एक चमचा एप्सम, तांब्याभर पाण्यात. खत, तांब्याभर पाण्यात. ताक, तांब्याभर पाण्यात. पानं मलूल होऊन खाली लोंबायला लागली, तेव्हा 'तहानलं असेल बिचारं' म्हणून आणखी एक तांब्या.

चार रोपं मेली. चौथं मेलं तेव्हा मी कुंडी पालथी केली. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि गटारासारखा वास येत होता. ताटलीत पाणी साचलेलं, कुंडीची भोकं त्यात बुडालेली. मुळांनाही हवा लागते. ती मिळाली नाही की ती कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली आणि रोप मात्र सुकलेलं! दुखणं पाण्याचं होतं, आणि तुमचं प्रत्येक औषध मी पाण्यातून पाजत होते.

आता तुम्ही म्हणाल, "मावशी, आम्ही चांगल्या मनाने सांगितलं." मान्य. पण पिवळं पान हा रोग नव्हे, ती खूण आहे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चुकणारा मुलगा आणि अभ्यास न करता चुकणारा मुलगा, दोघांच्या वहीत चूक सारखीच दिसते. दोघांना एकच शिक्षा देणाऱ्याला मास्तर म्हणायचं का?

बघायचं म्हणजे काय, तेही सांगते. पहिलं बोट मातीत दोन पेरं घालायचं. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून नुसतं डोळ्यांनी ठरवू नये. मग पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघायचं. अन्न कमी पडलं की रोप नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. घरातली मोठी माणसं आपल्या ताटातलं पोरांना वाढतात तसं. म्हणून नत्र कमी पडलं की खालचं पान सगळंच फिकट होतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा उपयोग इथे, आणि इथेच. लोह मात्र रोपाला असं सहज हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी असेल तर लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही.

पानावर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग असतील तर तो करपा. ती पानं काढून टाकावीत आणि पाणी पानांवर नव्हे, बुंध्याशी घालावं. पानं वरच्या बाजूला वळून लहान, पिवळट होत असतील तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. रोप उपटून दूर टाकायचं, नाहीतर शेजारची रोपंही जातात. आणि रोप जोमात असून अगदी तळाचं एखादं पान पिवळं झालं तर ते नुसतं म्हातारपण. त्यावर कुणी उपाय करू नये, हे मी अधिकाराने सांगते!

"पण आमचं झाड एप्समने सुधारलं," असं पुण्याच्या भाच्याचं म्हणणं आहे. असेलही. उणीव मॅग्नेशियमची असेल तर सुधारणारच. पण त्याने पान नीट बघितलं होतं का, की बाण आपसूक लागला? मातीत फाजील मॅग्नेशियम साठलं तर ते कॅल्शियमच्या आड येतं आणि फळाचं बूड काळं पडू शकतं. न बघता दिलेलं औषध निरुपद्रवी असतं, हाच मोठा गैरसमज आहे.

उरलेल्या दोन कुंड्यांच्या ताटल्या मी काढल्या, कुंड्या विटांवर चढवल्या, भोकं मोकळी केली आणि माती दोन पेरं कोरडी होईपर्यंत पाण्याला हात लावला नाही. पिवळी पानं पिवळीच राहिली, गळली. नवी आली ती हिरवी आली. बघायचं ते नव्या पानाकडे. आणि ठिबकणाऱ्या पाण्याचं काय? खाली जाऊन विचारलं, तर ती बाई म्हणाली, "आजी, मी दोरी पलीकडे बांधते की!" तेही मी आधी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर फळं धरली. चपटी, खाचांची, आंबट. पहिलं पिकलेलं फळ कुणालाही दिलं नाही, बी धरलं. ज्याला हवं त्याने मागावं, पुडी देईन. अट एकच: पान पिवळं पडलं की मला फोन करण्याआधी बोट मातीत घालायचं.