पट्ट्याने हाड मजबूत होत नाही



पूर्णा परिसरातल्या गोदामांत काम करणाऱ्या आपल्या आयाबहिणी पाठ दुखली की मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणतात आणि तो बांधून पुन्हा खोकी उचलतात. हे थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ठिसूळ मणका दबला तर डॉक्टर काही आठवडे पट्टा देतात. आधार मिळतो, दुखणे कमी होते. हाड मात्र तसेच राहते. महिनोन्महिने दिवसभर बांधला तर पाठीचे स्नायूच ढिले पडतात.

पाळी गेल्यावर उंची कमी झाली, पोक आले, वाकताना अचानक कळ निघाली, तर आधी एक्स-रे आणि हाडांची डेक्सा तपासणी करा. टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर औषध लागते, आणि ते उपलब्ध आहे. नाचणी, तीळ, ऊन हवेच. पण तेवढ्यावर भागत नाही. (विहारात भिंतीला टेकून बसायला लाज कसली?)

कारखाना कायदा 1948 चे कलम 34 हे 2025 पर्यंत इजा होईल एवढे वजन उचलायला लावण्यास मनाई करत होते. गोदामातही तेच पाळा, असे बायांनी एकत्र जाऊन सांगावे. मुकादम पट्टा फुकट देत असेल तर घ्या, पण सोबत ट्रॉलीही मागा.