शोमरोनची सोयरीक

अहाब राजाचे नाव निघाले की आपण नाक मुरडतो. तथापि त्याचे लग्न कसे जुळले हे पाहू जाता, प्रथमदर्शनी त्यात वावगे काहीच दिसत नाही. त्याचा पिता अम्री याने दोन किक्कार रुपे मोजून एक टेकडी विकत घेतली व तीवर शोमरोन नगर वसविले. डोंगराळ मुलखास समुद्राची वाट हवी होती. ती सीदोनी लोकांच्या हाती होती. त्यांचा राजा एथबाल याची कन्या ईजबेल अहाबाची राणी झाली. राज्यही दुबळे नव्हते. इ. स. पूर्व ८५३ मध्ये कर्कर येथे अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसेराशी लढताना अहाबापाशी २,००० रथ व १०,००० पायदळ होते, असे त्या शत्रूनेच शिलेवर कोरून ठेविले आहे. आकडा फुगविलेला असेल. पण क्षुद्र राजाविषयी असे कोण लिहितो?

राणीसाठी शोमरोनात बआलाचे मंदिर उभे राहिले. गंमत अशी, की अहाबाने परमेश्वरासही सोडले नाही. मुलांची नावे पाहा: अहज्या म्हणजे परमेश्वराने धरिलेला, यहोराम म्हणजे परमेश्वर उंच आहे. राणीच्या पंक्तीस बआलाचे ४५० व अशेराचे ४०० संदेष्टे जेवीत. आणि त्याच वाड्याचा कारभारी ओबद्या परमेश्वराच्या १०० संदेष्ट्यांस, पन्नास-पन्नास करून, गुहांत दडवून भाकर-पाणी पुरवीत होता. दोन्ही देवांस राजी राखण्याचा हा संसार!

आमच्या शेतकरी वाचकांस मात्र नाबोथाची गोष्ट अधिक जवळची वाटेल. इज्रेलात राजवाड्यालगत त्याचा द्राक्षमळा होता. राजाने त्याच्या बदली दुसरा मळा देऊ केला, पैसाही देऊ केला. वाडवडिलांचे वतन देणार नाही, एवढेच नाबोथ म्हणाला. अहाब रुसून, तोंड फिरवून बिछान्यावर पडला. कारण तो नियम त्यालाही ठाऊक होता. ईजबेलला तो ठाऊक नव्हता, किंवा मानवत नव्हता. राजाला नाही म्हणणारा कोण, हाच तिचा सवाल. तिने राजाच्या मोहरेने पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला धोंडमार झाली. मळा मिळाला.

पुढे अहाबाची कन्या अथल्या यहूदाच्या राजघराण्यात दिली. तीही सोयरीक राज्यांच्या सलोख्यासाठीच झाली असावी. मुलगा मारला गेल्यावर तिने त्या घराण्याचा सारा वंश कापून काढला. तान्ह्या योवाशाला त्याची आत्या यहोशेबा हिने दाईसह उचलले, आणि सहा वर्षे ते पोर यरुशलेमच्या मंदिरात लपून वाढले.