दादा, काका आणि आजोबा

मनुष्याचें वय जन्मपत्रिकेंत लिहिलेलें असतें, असा एक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. मनुष्याचें खरें वय मैदानावर खेळणाऱ्या मुलांस ठाऊक असतें. त्यांचा चेंडू कुंपणाबाहेर येऊन आपल्या पायांशीं थांबला, कीं तीं कोणत्या नांवानें हांक मारतात तें लक्ष देऊन ऐकावें. मग दाखला पाहण्याची गरज राहत नाहीं. फार वर्षांपूर्वीं “ए दादा, चेंडू दे रे!” अशी हांक येई, आणि आम्ही तो असा भिरकावीत असूं कीं तो मैदानाच्या पलीकडे जाऊन पडे. पुढें एके दिवशीं “काका, चेंडू द्या ना!” अशी हांक आली. हे काका कोण, तें पाहण्यासाठीं आम्ही मागें वळलों. मागें एक गाय तेवढी उभी होती. गेल्या पावसाळ्यानंतर तिसरी हांक आली, “अहो आजोबा, राहूं द्या, आम्हीच येतों!” यांतील ‘आजोबा’ हा शब्द आम्हीं एक वेळ सहन केला असता; परंतु ‘राहूं द्या’ हे शब्द मात्र काळजास लागले.

या बाबतींत आपली मराठी भाषा मोठी स्पष्टवक्ती आहे. जवळचें वाचण्यासाठीं लागणाऱ्या चष्म्यास तिनें ‘चाळिशी’ असेंच नांव देऊन ठेवलें आहे. त्यामुळें तो नाकावर चढतांच वयाची जाहिरात आपोआप होते. आम्हीं ही जाहिरात तीन वर्षें टाळली. वर्तमानपत्र हळूहळू लांब धरूं लागलों. पुढें हात अपुरे पडूं लागले, तेव्हां छापखानेवाले शाई वांचवितात असा आरोप केला. मोबाइलवरील अक्षरें मुलीकडून मोठीं करून घेतलीं. तीं इतकीं मोठीं झालीं कीं गाडींतील शेजारचा प्रवासी आमचा निरोप आमच्या आधीं वाचूं लागला. अखेर डॉक्टरांकडे जावें लागलें.

त्यांनीं सांगितलें, कीं डोळ्यांतील भिंग लहानपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चापट होतें. वयाबरोबर तें कठीण होत जातें, आणि चाळिशीच्या सुमारास जवळच्या अक्षरांसाठीं पुरेसें फुगेनासें होतें. “म्हणजे हें कठीण होणें चाळिसाव्या वर्षीं सुरू होतें काय?” असें आम्हीं विचारलें. “छे, तें बालपणापासूनच चालू असतें,” असें उत्तर मिळालें. दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपासून चार बोटांवर पुस्तक धरून वाचूं शकतो. विसाव्या वर्षीं त्यालाही तें थोडें दूर न्यावें लागतें. विद्यार्थिमित्रांनो, आम्हांस हसण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत घ्या. ज्या शर्यतींत आम्ही तुमच्या पुढें आहों, त्या शर्यतींत तुम्हीही पांचवीपासूनच धांवत आहां.

शर्यतीवरून आठवलें. गेल्या वर्षीं मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनीं पालकांची पन्नास मीटरांची शर्यत ठेवलेली होती. विद्यार्थिदशेंत आम्हीं धांवण्याचा पेला मिळविलेला. पुढें जिल्ह्याच्या स्पर्धेस मात्र जातां आलें नाहीं, कारण त्याच आठवड्यांत आम्हांस कांविळीनें गांठलें. तें शल्य मनांत होतेंच. शिटी वाजतांच आमचें मन धांवूं लागलें व पाय मागाहून निघाले. तिसाव्या मीटरावर दोघांची ताटातूट झाली आणि आम्ही मातींत पडलों. मुलगी धांवत आली. “बाबा, लागलें का?” असें विचारून तिनें आमचे कपडे झटकले, आणि मग हळूच म्हणाली, “बाबा, तुमचें राहिलें म्हणूनच ना तुम्ही मला रोज पहांटे धांवायला नेतां?” तिला धांवण्याची आवड नाहीं. तिला चित्रें काढावयास आवडतात. हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु ठाऊक असून आम्हीं तें कधीं स्वतःशीं उच्चारलेलें नव्हतें. गुडघ्याची जखम आठ दिवसांत भरली. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास अधिक काळ लागला.

महाभारतांत ययाति राजाची कथा आहे. शुक्राचार्यांच्या शापानें त्यास अकालीं वार्धक्य आलें, तेव्हां त्यानें आपल्या पांच पुत्रांपाशीं त्यांचें तारुण्य मागितलें. चौघांनीं नकार दिला. सर्वांत धाकट्या पूरूनें तें दिलें. ही कथा ऐकून आपण ययातीस नांवें ठेवतों. परंतु त्याच्या पदरीं दोन गुण घातलेच पाहिजेत. त्यानें उघडपणें मागितलें, आणि शेवटीं घेतलेलें परत केलें. आम्ही पालक न विचारतां घेतों व परत करीत नाहीं. ज्यास डॉक्टर होतां आलें नाहीं तो मुलास डॉक्टर करूं पाहतो, जिचें गाणें अर्धवट राहिलें ती मुलीस पेटीपुढें बसविते, आणि या सर्वांस आपण ‘तुझ्याच भल्यासाठीं’ असें नांव देतों. मुलांस शिस्त लावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांस अभ्यासास बसविणें हें पालकांचें कामच आहे. परंतु मुलास एखादी गोष्ट सांगतांना आपल्या मनास एक प्रश्न विचारावा : हा पेला आपणांस त्या काळीं मिळाला असता, तर आज आपण तो याच्याकडे मागितला असता काय? तारुण्य जातें यांत लाज नाहीं. तें मुलांकडून वसूल करावेंसें वाटणें, हेंच आमच्या मतें म्हातारपणाचें खरें दुखणें होय.

यावर उपाय एकच : उरलेलें वय आपणच वापरावें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. सतरा वर्षांचे असतांना ते मुरुडहून पायीं सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास परीक्षेसाठीं गेले, तों वयानें फार लहान दिसतात या कारणास्तव त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मॅट्रिक होण्यास त्यांस १८८१ साल उजाडलें. मुलाचें एक वर्ष गेलें म्हणून घरांत सुतक पाळणाऱ्यांनीं हें जरूर लक्षांत ठेवावें. ज्या वयांत पुष्कळ लोक निरोपसमारंभाचें श्रीफळ घेऊन घरीं बसतात, त्या ५८ व्या वर्षीं, १९१६ सालीं, त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें. आणि १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, त्या कार्यासाठीं ते परदेशच्या प्रवासास निघाले. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, व १९६२ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय १०४ होतें. वयाच्या नांवाखालीं परत पाठविलेल्या या मुलानें पुढें वयाची सबब कधीं सांगितली नाहीं.

आमची मजल इतकी कोठली! परंतु हल्लीं पहांटे आम्ही एकटेच बाहेर पडतों. त्यास धांवणें म्हणणें ही अतिशयोक्ति होईल, चालणेंच तें. मुलगी त्या वेळीं झोंपलेली असते, किंवा खिडकींत बसून चित्र काढीत असते.

विद्यार्थ्यांस एकच सांगणें आहे. आमची आजी दुपारीं गोधडी शिवावयास बसे व “अरे, एवढी सुई ओंवून दे” म्हणून हांक मारी. आम्ही दोरा मुद्दाम दोन हात लांब घेत असूं, म्हणजे पुन्हां लवकर बोलावणें येऊं नये. लांब दोरा गुंततो. आजी तो गुंता सोडवीत बसे, आणि आम्ही तें पाहत असूनही खेळावयास पळून जात असूं. डोळ्यांतील भिंगाची हकीकत त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हती. आतां सदऱ्याचें बटण लावावयाचें झालें कीं आम्ही मुलीस हांक मारतों; तीही दोरा लांबच घेते. तुमच्या घरींही कोणी तरी अशी हांक मारीत असेल. दोरा आंखूड घ्या. आणि हांक पुन्हां आली, तर पुन्हां जा.