तंबूला गोधडी नको, छत्री हवी

गेल्या पावसाळ्यात हैदराबादेत मुसीकाठच्या एका मजूरवस्तीजवळ आम्ही आठवडाभर दवाखान्याचा तंबू ठोकला होता. तंबू चांगल्या जाड कॅनव्हासचा, चारी बाजूंनी कनाती असलेला. तरी आभाळ भरून आले तेव्हा आमचा धीर सुटला. बाजारातून प्लास्टिकची निळी ताडपत्री आणली, सरळ तंबूच्या पाठीवर टाकली आणि तिच्या कडा खाली ओढून कनातींसकट घट्ट बांधून घेतल्या. आता थेंबसुद्धा आत येत नाही, असे म्हणून आम्ही पाचजण आत निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तो औषधांची खोकी ओली, कापूस दमट, सतरंज्या भिजलेल्या. ताडपत्रीला कोठे भोक नव्हते. रात्री पाऊसही बेताचाच झाला होता. मग पाणी आले कोठून?

वस्तीतले एक म्हातारे गवंडी, मूळचे नांदेडकडचे, आमची तारांबळ पाहत उभे होते. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही तंबूला गोधडी पांघरली. त्याला छत्री पाहिजे व्हती.” आमच्या मते ह्या एका वाक्यात सगळे आले. तंबूत राहण्याची पाळी कोणावर केव्हा येईल हे सांगता येत नाही, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

कॅनव्हास हे सुती कापड. ते ओले झाले की धागे फुगतात, विणीतली भोके बुजतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जाते. मात्र आतून हात किंवा ट्रंक टेकली की त्या जागी ठिबकायला लागते. हेच कापड कोरडे असताना श्वास घेते, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडते. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून व अंगातून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने निघते. पाच माणसांचे सव्वा लिटर झाले. आम्ही कापडावर प्लास्टिक चिकटवून ती वाट बंद केली. वाफ गार प्लास्टिकला लागली, तिचे पाणी झाले, कापड चिंब झाले आणि तेच पाणी आमच्या अंगावर ठिबकले. त्या रात्री आम्हाला पावसाने नव्हे, आमच्याच श्वासाने भिजवले.

शेतकरी वाचकांना हे नवे वाटू नये. काढलेला कांदा प्लास्टिकखाली गच्च झाकून ठेवला तर आठ दिवसांत काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. कांद्याला चाळ लागते, वरून छप्पर आणि बाजूंनी वारा. कडब्याच्या गंजीलाही आपण उतार देतो, तिच्या माथ्यावर पाणी थांबू देत नाही. जी अक्कल आपण कांद्यासाठी आणि कडब्यासाठी वापरतो, ती माणसांच्या निवाऱ्यासाठी वापरायची एवढेच.

ह्यात आरोग्याच्या तीन गोष्टी आहेत. पहिली ओल. ओल्या कापडाला बुरशी धरते, तिचे काळे ठिपके पडतात, आणि त्या कुबट हवेत दमेकऱ्याचा दमा उसळतो, लहान मुलांचा खोकला हटत नाही. बुरशीने सुती कापडही कुजते, म्हणजे तंबूही जातो.

दुसरी गोष्ट डासांची. सैल टाकलेल्या ताडपत्रीला झोळ पडतो आणि त्यात पाणी साचते. एक मीटर लांब-रुंद झोळात पाच सेंटिमीटर पाणी साचले तरी ते ५० किलो भरते. तेवढ्याने काठी मोडते किंवा शिवण उसवते. तंबू टिकला तरी त्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. ह्याच शहराच्या जोडीच्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. ज्या ठिकाणी जगाला डासाचा हा गुन्हा कळला, तेथेच आपण डोक्यावर डासांची तळी बांधावीत हे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. प्लास्टिकने गच्च बांधलेल्या तंबूत थंडी घालवण्यासाठी कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शिवाय पेटलेले प्लास्टिक वितळून जळत्या थेंबांनी अंगावर गळते. म्हणून शेगडी, चूल किंवा स्टोव्ह तंबूत नकोच. स्वयंपाकाला बाजूला वेगळा आडोसा करावा.

तर मग छत्री कशी उभारावी? ताडपत्री तंबूच्या अंगाला लागू नये, हा पहिला आणि शेवटचा नियम. तंबूच्या दोन टोकांना, त्याच्या कण्यापेक्षा फूटभर उंच अशा दोन वेगळ्या बल्ल्या रोवाव्यात. त्यांच्यामध्ये दोर ताणावा किंवा आडवा बांबू बांधावा आणि त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडावी. कापड आणि ताडपत्री ह्यांच्यात सगळीकडे निदान वीतभर पोकळी राहिली पाहिजे. ताडपत्री कनातींच्या बाहेर दीड-दोन फूट यावी, म्हणजे पागोळ्या कनातीवर पडणार नाहीत. तिचे ताणे आणि खुंट्या तंबूच्या ताण्यांपासून निराळ्या असाव्यात. एकीकडचे सुटले तरी दुसरे उभे राहते.

पागोळ्या पडतात त्या रेषेवर वीतभर खोल चर खणून त्याला उताराकडे वाट द्यावी. तागाचे किंवा सुती दोर भिजले की आखडतात आणि खुंट्या उपटतात, म्हणून पाऊस येण्यापूर्वी ते थोडे सैल करावेत. नायलॉनचा दोर उलट भिजल्यावर सैल पडतो, तो पुन्हा ओढावा लागतो. हैदराबादेत बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर कातळ लागतो, तेथे खुंटी शिरत नाही. अशा जागी मोठे धोंडे ठेवून त्यांना ताणे बांधावेत. मराठवाड्याच्या काळ्या मातीत खुंटी सहज शिरते, पण पाऊस पडला की तितकीच सहज निघते. तेथे लांब खुंटी तिरपी ठोकावी. वळवाचा वादळी वारा सुटला तर ताडपत्रीचे शीड होते. तेव्हा ती उतरवून ठेवण्यात कमीपणा नाही.

ही छत्री उन्हाळ्यातही कामाची आहे. येथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वरची ताडपत्री ऊन अंगावर घेते आणि मधल्या पोकळीतून वारा खेळतो, त्यामुळे आतल्या माणसाला पुष्कळ आराम पडतो. उन्हाने कापड विरते, तेही टळते. आपल्या लष्कराचा ई.पी.आय.पी. नावाचा मोठा तंबू पाहावा, त्याला आत एक आणि बाहेर एक अशी दोन छते असतात. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था जो कौटुंबिक तंबू देते, त्यालाही आतला तंबू वेगळा आणि बाहेरचे आवरण वेगळे असते.

कोणी म्हणेल, चांगल्या कॅनव्हासला ताडपत्री लागतच नाही. रिमझिम पावसापुरते ते खरे आहे. नवे कापड वापरण्यापूर्वी दोन-तीनदा भिजवून वाळवले तर शिवणीही बसतात. पण येथला पाऊस नेहमी रिमझिम नसतो. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेठेत चोवीस तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १९ सेंटिमीटर. अशा पावसात एकटे कापड पुरे पडेल असे आम्हाला वाटत नाही. दुसरे कोणी म्हणेल, गरिबाने बल्ल्या आणि दोर आणावेत कोठून? हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसे दगावली आणि हजारो उघड्यावर आली. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, तरी उघड्यावर येण्याची वेळ सरली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा वाचलेल्यांना उघड्यावर पाऊसही सोसावा लागला. आणि आजही ह्या शहरात उंच इमारती बांधणारे कितीतरी हात रात्री ताडपत्रीखालीच झोपतात.

अशा वेळी आपण काय करतो? ताडपत्रीची घडी हातात देतो, नाव लिहून घेतो आणि पुढच्या दाराशी जातो. आमचे स्पष्ट मत असे की, ताडपत्री वाटणे म्हणजे निवारा देणे नव्हे. प्रत्येक ताडपत्रीबरोबर दोन बल्ल्या, पुरेसा दोर आणि आठ खुंट्या द्याव्यात, आणि एक छत्री सर्वांसमोर उभारून दाखवावी. पैसे तेवढेच असतील तर घडी चार कमी वाटाव्यात, पण ज्याला द्यायचे त्याला पुरे द्यावे. मजुरांना तंबूत ठेवणाऱ्या मुकादमांनी आणि मालकांनीही हे मनावर घ्यावे. बांधकामाच्या जागी बांबू आणि दोर ह्यांचा काही तोटा नसतो, लक्ष देण्याचाच असतो.

त्या म्हाताऱ्या गवंडीमामांनी दुसऱ्या दिवशी दोन पोरांना हाताशी घेऊन आमच्या तंबूवर छत्री उभारून दिली. तासाभराचे काम. पुढच्या दोन रात्री चांगला पाऊस झाला आणि कापूस कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या स्वतःच्या राहुटीत डोकावलो. तिच्यावर ताडपत्री गोधडीसारखीच पडली होती. विचारले तर म्हणाले, “ठावं हाय की सगळं. बल्ल्या कुठं हायत?”

ह्या पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी ज्यांच्या अंगणात दोन जुन्या बल्ल्या पडून असतील, त्यांनी एवढा प्रश्न ध्यानात ठेवावा.