गांधीलमाशीवरचा स्वार

नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशात अगदी वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पार टोकाशी, नर्मदेच्या काठाला टेकलेलं मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात सापडलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव म्हणून त्याचं नाव 1990 नंतरच्या दहा वर्षांत पार परदेशापर्यंत पोहोचलं. कोणी पुनर्वसनात गेले, कोणी वर टेकडीवर घरं बांधून राहिले. अक्कलकुवा तालुक्याच्या या डोंगरपट्टीत अजूनही कुठे नाव, कुठे जीप, कुठे पायवाट असा प्रवास आहे. मोलगीच्या बाजाराला आमचूर न्यायचा असो की भगर, देवगोईचा घाट काही चुकत नाही. आणि या पट्टीत दारात मोटारसायकल आली की ती एकट्या घराची राहत नाही. पाड्यावर कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला पान लागलं, की झोळी बांधायची की गाडी काढायची, एवढाच सवाल असतो. झोळीला चार माणसं आणि अर्धा दिवस. गाडीला तासभर, पण वाटेत ती बंद पडली नाही तर!

म्हणून तिथला गडी गाडी घेताना रंग बघत नाही. चढाला दम धरेल का, उताराला ब्रेक धरेल का, आणि मधेच रुसणार तर नाही, एवढं विचारतो. वाचकहो, हेच तीन प्रश्न कारखान्यातसुद्धा कोणीतरी आपल्याआधी विचारलेले असतात. तो माणूस म्हणजे कारखान्याचा ट्रायल घेणारा स्वार. त्याचं नाव गाडीवर कधी छापत नाहीत. आज अशाच एका इटालियन स्वाराची आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याची हकीकत सांगतो. तुम्ही म्हणाल, इटलीचा आणि आपला काय संबंध? जरा थांबा, तो संबंध तुमच्या पडवीतच निघायचा.

या स्वाराचं नाव दिनो माझ्झोन्चिनी. पोन्तेदेरा गावच्या पियाज्जिओ कारखान्यात तो गाड्यांची ट्रायल घ्यायचा आणि कारखान्याच्या वतीने शर्यतींतही उतरायचा. 9 फेब्रुवारी 1951 रोजी रोमहून ओस्तियाला जाणाऱ्या मोटाररस्त्यावर तो एका विचित्र गाडीत जाऊन बसला. ‘गाडीवर’ म्हणत नाही, ‘गाडीत’ म्हणतो. कारण दोन चाकांभोवती पत्र्याचं लांबोळकं कवच होतं, पुढे-मागे निमुळतं, आणि स्वार त्या कवचात अंग चोरून बसलेला. इटालियन लोक तिला ‘सिलुरो’ म्हणाले, म्हणजे पाणतीर. इंजिन फक्त 125 सीसीचं, आपल्या मापाने अर्धा पाव. त्या अर्ध्या पावाच्या इंजिनावर माझ्झोन्चिनीने एक किलोमीटर सुमारे 21 सेकंदांत तोडला. वेग भरला ताशी 171 किलोमीटर आणि वर थोडा.

हा आकडा किती मोठा ते समजायला त्याच काळातली बाजारातली वेस्पा डोळ्यांपुढे आणा. तिचं इंजिनही 125 सीसीचं, ताकद चार अश्वशक्तीच्या आसपास आणि वेग जेमतेम 70. सिलुरोच्या इंजिनात एकाच वाटेत समोरासमोर दोन पिस्टन धावत होते आणि त्यातून सुमारे 17 अश्वशक्ती काढलेली होती. द्राक्षबागेत फिरणारा लहान ट्रॅक्टर असतो ना, साधारण तेवढी. पण ताकद चौपट केली म्हणून वेग चौपट होत नाही. वाऱ्याचं गणित उलटं आहे. वेग दुप्पट केला की वारा चौपट आडवा येतो आणि इंजिनाला जोर आठपट लागतो. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन वादळात चाललेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. म्हणून ते कवच. भारा सोडून काठी घेऊन चालावं, तसं.

ही गाडी ज्याने कल्पिली तो कोर्रादिनो दास्कानियो हा मुळात विमानविद्येचा इंजिनिअर. 1930 साली त्याचं हेलिकॉप्टर हवेत उडालं होतं. पियाज्जिओ कारखानाही विमानांचाच. दुसऱ्या महायुद्धात तो बाँबखाली उद्ध्वस्त झाला, लढाई हरलेल्या देशात विमानं कोण घेणार? मग मालक एन्रिको पियाज्जिओने ठरवलं की गरीब माणसाला परवडेल असं दुचाकी वाहन काढायचं. दास्कानियोला मोटारसायकल आवडत नसे. साखळीच्या ग्रीसने कपडे घाण होतात, चाक पंक्चर झालं तर काढताना जीव जातो, अशी त्याची तक्रार. त्याने साखळीच काढून टाकली आणि इंजिन मागच्या चाकाला गिअरने थेट जोडलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे चार बोल्ट सोडले की चाक हातात. एप्रिल 1946 मध्ये तिचं पेटंट नोंदवलं गेलं. मागून फुगीर आणि मधे बारीक अशी ती गाडी बघून मालक म्हणाला की ही तर गांधीलमाशी दिसते, असं सांगतात. गांधीलमाशीला इटालियन भाषेत म्हणतात वेस्पा.

आता ज्या गाडीवर धोतर-लुगडं सांभाळून आरामात बसावं, तिला 171 च्या वेगाने पळवायची गरजच काय? गरज होती ती शेजाऱ्यामुळे. मिलान शहरात इन्नोचेन्ती कारखान्याने लँब्रेटा काढली होती. गिऱ्हाईक दोघांचं एकच. मग काय, आपल्याकडे शंकरपटात दोन पाटलांची ईर्षा लागावी तशी दोन कारखान्यांची लागली. पियाज्जिओने विक्रम केला की इन्नोचेन्ती मोडणार, इन्नोचेन्तीने केला की पियाज्जिओ.

माझ्झोन्चिनीच्या विक्रमाला उत्तर द्यायला लँब्रेटाने पाठवला रोमोलो फेर्री, रोमचा विशीतला तरुण. ऑगस्ट 1951 मध्ये जर्मनीतल्या म्युनिक ते इंगोलश्टाट या सरळसोट रस्त्यावर तोही असाच कवचात शिरला. त्याचंही इंजिन 125 सीसीचंच, पण हवा जबरदस्तीने आत कोंबणारा पंप जोडलेला. त्याने ताशी 201 किलोमीटर गाठले. एका किलोमीटरला अठरा सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्यानंतर ही चढाओढ थंडावली.

फेर्री मात्र थंडावला नाही. 1956 साली तो जिलेरा कारखान्याच्या गाडीवर जागतिक स्पर्धेत उतरला, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूडच्या वाटेवर 125 सीसीची शर्यत जिंकला आणि त्या वर्षीच्या जागतिक क्रमवारीत कार्लो उब्बियालीच्या खालोखाल दुसरा आला. पुढे 1958 साली डुकाटीकडून धावताना बेल्जियममध्येही दुसरा क्रमांक मिळवला. स्कूटरच्या कवचातून निघालेला पोरगा पार वरच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याची कारकीर्द शर्यतींच्या पुस्तकांत सापडते. माझ्झोन्चिनीचं नाव बहुतेक त्या एका फेब्रुवारीच्या दिवसापुरतंच घेतलं जातं. मला विचाराल तर आपल्या कामाचा माणूस हा दुसराच. विक्रमाचे सेकंद एकवीस, बाकीचे दिवस ट्रायलचे.

ट्रायल म्हणजे काय ते सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलेल्याला कळेल. जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, खूर उचलतो, मग म्हणतो, ‘चालवून दाखव.’ बैलालाही गाडीला जुंपून, चढावर घालून बघतात. खोड असेल तर ती कासराभर अंतरातच बाहेर पडते. कारखान्याच्या स्वाराचं काम तेच. फक्त त्याला खोड लपवायची नसते, काढून दाखवायची असते. मोडेपर्यंत चालवायचं आणि काय मोडलं ते कागदावर लिहायचं. वेस्पाची अशी मोठी परीक्षा झाली तीसुद्धा 1951 सालीच, उत्तर इटलीत वारेझेच्या डोंगरात. ‘सहा दिवसांची’ म्हणून ओळखली जाणारी ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा. वाट दगडधोंड्यांची, आणि गाडी नादुरुस्त झाली तर स्वाराने स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची, परक्याची मदत नाही. मोठमोठ्या मोटारसायकलींच्या गर्दीत पियाज्जिओच्या दहा वेस्पा उतरल्या आणि नऊ सुवर्णपदकं घेऊन आल्या. मणिबेलीच्या गड्याला 171 चा आकडा कळवा किंवा नका कळवू, हा आकडा जरूर कळवा.

जिवावरचा भाग सांगायचा तर तो पिस्टनचा. या साऱ्या गाड्या दोन झटक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल मिसळलेलं, आणि पिस्टनला वंगण मिळतं ते त्या पेट्रोलाबरोबरच. वंगण तुटलं किंवा इंजिन फार तापलं की पिस्टन फुगून वाटेत घट्ट धरतो. इंजिन थांबलं की मागचं चाकही जागच्या जागी थांबतं. ताशी 170 च्या वेगाला चाक असं बांधलं गेलं तर स्वाराचं काय होईल, ते लिहायला नको. म्हणून टू-स्ट्रोकवर शर्यत करणाऱ्याचं एक बोट कायम क्लचवर असायचं. कान इंजिनाकडे. आवाज किंचित जड झाला, बारीक खरखर आली, की क्षणात क्लच दाबून चाक मोकळं करायचं.

हीच गोष्ट आपल्या घाटात उलट्या बाजूने घडते. लांब उताराला पेट्रोल वाचवायचं म्हणून मूठ पार बंद करायची, गाडी मात्र गिअरमध्ये. इंजिन चाकाबरोबर फिरत राहतं, पण पेट्रोल येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. टू-स्ट्रोक गाडीला हे मारक. उतारावर अधूनमधून हलकी रेस द्यायची, तेवढ्याने वंगण पोहोचतं. चार झटक्यांच्या इंजिनात ऑइल तळाशी वेगळं असतं, तिथे ही भीती नाही. तिला खुशाल खालच्या गिअरमध्ये उतरवा, इंजिनच तिला रोखून धरेल. न्यूट्रल करून सारा भार ब्रेकवर टाकलात तर ड्रम तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर धरत नाही.

आता पडवीतला संबंध. 1948 पासून बछराज ट्रेडिंग ही बजाज घराण्याची कंपनी परदेशी स्कूटरी आणून इथे विकत होती. 1959 मध्ये सरकारी परवाना मिळाला, पियाज्जिओशी करार झाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला वेस्पा बनू लागली. 1971 ला तो करार संपला. 1972 पासून तीच घडण ‘चेतक’ या नावाने आली. राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव गांधीलमाशीला! साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ निघाली तीही याच कुळातली. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1972 पासून फिरोदियांची ‘लुना’ बनू लागली, तिचीही आई पियाज्जिओच्याच घरची. लँब्रेटा मुंबईत बनत असे. मिलानच्या कारखान्याची यंत्रं पुढे भारत सरकारनेच विकत घेतली आणि ती लखनौला आली. म्हणजे 1951 साली एकमेकींशी झुंजलेल्या त्या दोघी शेवटी आपल्याच अंगणात नांदल्या.

चेतकसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर यायची वाट बघत. गाडी आली की हळदीकुंकू, नारळ, आणि सकाळी सुरू होईना की तिला डाव्या-उजव्या अंगावर कलती करून परत किक. इंजिन उजव्या कुशीला लटकलेलं असल्याने गाडीचा तोल मुळातच कलता. ती डोंगरात कधी फार रमली नाही. चाकं लहान पडत, खड्ड्यात आपटत. तिथे नंतर एम-80 नेच बाजी मारली, दुधाच्या किटल्या आणि दोन माणसं घेऊन. आज मणिबेलीच्या बाजूला दिसतात त्या चार झटक्यांच्या, मोठ्या चाकांच्या मोटारसायकली. 1951 ची सिलुरो पोन्तेदेराला पियाज्जिओच्या संग्रहालयात उभी आहे.

ट्रायलच्या स्वारांची एक युक्ती मात्र घरच्या घरी करण्यासारखी आहे. गाडी पूर्ण वेगात नेऊन ते एकदम क्लच दाबत, इंजिन बंद करत, थांबून प्लग काढत आणि त्याचा रंग बघत. वेगात न जाता, रोजच्या फेरीनंतरही हे करता येतं. इंजिन गार होऊ द्या, प्लग काढून उजेडात धरा. टोक काजळीने काळं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय, नाहीतर एअर फिल्टर धुळीने बंद झालाय. पांढरट, भाजल्यासारखं असेल तर इंजिन कोरडं चाललंय आणि तापतंय, असल्या गाडीला घाटात घालू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा रंग दिसला, तर प्लग पुसून परत बसवा आणि बाजाराला निघा.